काका बैठकीला का येत नव्हते?



बिट्टन मार्केटजवळ आमची गुरुवारची बैठक असते. तिथे एक काका सात-आठ महिने आले नाहीत. मणक्याच्या दुखापतीनंतर ते काठी घेऊन चालू लागले होते, हाटात भाजी घेतानाही दिसले होते. मग आम्ही काय म्हटलं? "श्रद्धा कमी झाली." निकाल लावून मोकळे!

शेवटी काकू बोलल्या. (दोघांना विचारूनच हे लिहितोय.) पाय सुधारले, पण लघवी-शौचावरचा ताबा परत आला नाही. दीड तासाची बैठक, आरतीत उठायचं कसं, कपडे ओले झाले तर? म्हणून बाहेर जायचं असेल त्या दिवशी काका पाणीच पीत नसत. त्याने उलटंच होतं. लघवी घट्ट होते, जंतुसंसर्गाची भीती वाढते, पोट साफ होत नाही आणि आतड्यात साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो.

मग एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, "पण सोवळ्याचं काय?" आम्ही त्यांना गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर ते आमच्याही मनात होतं.

काकांचा नेम ऐका. दर चार तासांनी साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळी घालून ते स्वतःच मूत्राशय रिकामं करतात. सकाळी चहा-नाश्ता झाला की अर्ध्या तासाने ठरल्या वेळी शौचाला बसतात, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात. (हे ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.) आमचा जपसुद्धा इतका वेळेवर होत नाही!

नळीची ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली मांडली. तोवर नळी पूर्ण निर्जंतुकच हवी असं मानत. त्यांनी दाखवलं की नळी स्वच्छ असली आणि वेळ चुकली नाही तर पुरतं. लघवी तुंबून राहणं जास्त वाईट.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथेचं नावच 'चाकाची खुर्ची'. खुर्ची दिसते, म्हणून आपण वाट करून देतो. मज्जातंतूंना इजा झाली की लघवी-शौचाची जाणीवही जाऊ शकते, ते मात्र दिसत नाही. काका तर चालतात, मग आम्हाला सुचणार कसं?

आमचं मत झालं ते असं: सोवळं पाळायचं तर बाथरूम स्वच्छ ठेवणं आमच्याकडे आलं. काकांनी घरी बसणं त्यात कुठेच येत नाही.

येत्या गुरुवारपासून बैठकीच्या मध्ये पाच मिनिटं सगळेच उठणार. बाथरूममध्ये पिशवी अडकवायला खुंटी आणि झाकणाचा डबा ठेवलाय. काका म्हणाले, "सगळे उठणार असाल तर येतो." साबण आणि नॅपकिन ताईंनी आपणहून आपल्याकडे घेतलेत.