बाळाच्या स्वागताला काय लागते?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे आम्हांला भेटायला आले. तिला आठवा महिना, तो डाळमिलमध्ये रोजंदारीवर. आशीर्वाद घेतला, चहा झाला, आणि निघता निघता तो म्हणाला, "फादर, बाळाचा स्नानसंस्कार लगेच जमणार नाही. वर्षभराने ठेवू." आम्ही कारण विचारले. खाली बघत तो म्हणाला, "डोहाळेजेवणालाच पतपेढीचं कर्ज झालं. पाळणा हप्त्यावर घेतला. आता दीडशे माणसांचं जेवण कुठून घालू?"

ते गेले, पण त्यांचा प्रश्न आमच्याजवळच राहिला. स्नानसंस्कारासाठी ख्रिस्तसभा कसलेही शुल्क मागत नाही. गरिबीमुळे कोणी संस्काराला मुकू नये, असे आपला धर्मनियमच सांगतो. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाळाला स्नानसंस्कार द्यावा, हेही त्यात लिहिले आहे. म्हणजे देवाने जे फुकट ठेवले, त्याच्या दारात आपणच दीडशे पाने मांडून ठेवली आहेत. ती पाने उचलल्याशिवाय बाळाला आत जाता येत नाही. हे कसे झाले? आणि बाळाच्या स्वागताला खरोखर लागते तरी काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी दानधर्माविषयी लिहिताना 'आवश्यक' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले आहेत. एक, ज्याच्यावाचून माणूस जगूच शकत नाही ते. दुसरे, ज्याच्यावाचून आपल्या परिस्थितीला साजेसे जगता येत नाही ते. पहिल्याची मर्यादा स्पष्ट असते. दुसऱ्याची मात्र ठरलेली रेघ नसते. त्यात पुष्कळ भर घातली तरी ते फार झाले असे वाटत नाही, आणि बरेच कमी केले तरी माणूस नीट जगू शकतो. आपली बहुतेक कर्जे या दुसऱ्या अर्थातून जन्माला येतात. आईचा आहार, तपासणी, सुरक्षित बाळंतपण, ऊब, स्वच्छता ही पहिली यादी. मंडप, चांदीचे वाळे, झालरींचा पाळणा, फोटोवाला ही दुसरी. दुसरी यादी पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. आनंद साजरा करावाच. परंतु दुसऱ्या यादीसाठी पहिलीला कात्री लागली, की तेथे नैतिक प्रश्न उभा राहतो. कर्जाचा हप्ता भरण्यासाठी बाळंतिणीचे दूध बंद झालेले घर आम्ही पाहिले आहे.

येथे एक कबुलीही द्यायला हवी. आम्हा धर्मगुरूंना लेकरेबाळे नाहीत. साधेपणाचा उपदेश करणे आम्हांला सोपे जाते. काही वर्षांपूर्वी एका गरोदर बहिणीला आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले, "बाळाला नवे कशाला? जुने कपडे चालतात." ती शांतपणे म्हणाली, "फादर, मी लहानपणी कधी नवं कापड अंगाला लावलं नाही. लोकांच्या घरचं उतरलेलंच घातलं. माझ्या लेकराला एक तरी झबलं नवं असू द्या." आम्ही गप्प झालो. तिला झबल्याची हौस नव्हती. आपले बाळ कोणाच्या दयेवर जगात येऊ नये, एवढेच तिला हवे होते. गरिबाच्या खर्चाला उधळपट्टी म्हणण्याआधी त्यामागची जखम पाहिली पाहिजे.

मग प्रश्न असा होतो: साधेपणा आणि सन्मान दोन्ही राखता येतील का? आम्हांला वाटते, येतील. आपल्या आजीबाईंना ते जमत होते. बाळंतविडा हा शब्द त्यांचाच. कुंची, झबली, टोपडी, दुपटी, लंगोट हे सगळे घरात शिवलेले. आईच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याची गोधडी, त्याच लुगड्याची झोळी. थोरल्या बहिणीच्या मुलाचे झबले धाकटीच्या मुलाला येई, तेव्हा ते 'उतरलेले' नसे. ते आपल्या माणसाचे असे. कापड तेच, पण ते दयेने आले की नात्याने, यावर त्याचा अर्थ ठरत होता.

आणि आपले खानदेश तर कापसाचे. अमळनेरला ज्या प्रतापशेठांनी कापडगिरणी चालवली, त्यांनीच १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. अंग झाकणारे कापड आणि मन उघडणारा विचार, दोन्ही एकाच गावात. आज त्याच खानदेशात वैशाखाच्या उन्हात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, आपण तान्ह्या बाळाला नायलॉनच्या झालरींचा झगा घालतो, कारण फोटोत तो छान दिसतो. बाळ घामोळ्यांनी रडते. तो झगा कोणासाठी होता, हे त्या रडण्यावरूनच कळते.

दूरच्या देशातील एक गोष्ट सांगतो. फिनलंडमध्ये सरकारने १९३८ साली गरीब मातांना बाळाचे कपडे व गरजेच्या वस्तू द्यायला सुरुवात केली. त्या ज्या खोक्यातून येत, त्यातच पुढे गादी घालून अनेक बाळे आपली पहिली झोप घेऊ लागली. १९४९ पासून हे खोके श्रीमंत-गरीब सर्वच मातांसाठी खुले झाले. अट एकच, चौथा महिना संपण्यापूर्वी तपासणीला जायचे. आम्हांला यातली १९४९ ची पायरी फार मोलाची वाटते. फक्त गरिबांसाठी असते तोवर ती मदत असते. सर्वांसाठी झाली की ती रीत होते. रीत पाळताना कोणाची मान खाली जात नाही.

दुसरी गोष्ट कोलंबियातील बोगोटा शहराची. तेथील एका रुग्णालयात बाळे जास्त आणि काचेच्या पेट्या कमी होत्या. १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. टंचाईतून निघालेली ही युक्ती आज 'कांगारू मदर केअर' म्हणून जगभर ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तर कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, अशी शिफारस केली. आईची ऊब ही काही गरिबाची तडजोड नव्हती. ती आधीपासूनच उत्तम होती, आपल्याला फक्त उशिरा कळले.

तेव्हा घराघरांत बोलण्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली: जेथे हात आखडू नये, तेथे आखडू नका. आईचे जेवण, लोहाच्या गोळ्या, तपासण्या, दवाखान्यातील बाळंतपण, बाळाचे लसीकरण. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, तेथील जेवण आणि ने-आण मोफत आहे. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे वेळेवर नाव नोंदवा. हा आपला हक्क आहे, तो घेताना संकोच नको.

दुसरी: प्रत्येक खरेदीपूर्वी नवराबायकोने एकमेकांना विचारावे, "हे बाळासाठी की बघणाऱ्यांसाठी?" आई पाजू शकत असेल तर पहिले सहा महिने बाळाला दुधाची पावडर आणि बाटली लागत नाही, वरचे पाणीसुद्धा लागत नाही. चाकांचा पांगुळगाडा लागत नाही. कॅनडाने तर अपघातांमुळे २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आणि जे घ्यायचे ते कर्ज काढून घेऊ नका. बाळ जन्मताच त्याच्या डोक्यावर हप्ता नको.

तिसरी आपल्या सर्वांसाठी: धर्मग्रामात एक बाळंतविड्याची पेटी ठेवावी असे आम्हांला वाटते. बाळ मोठे झाले की धुऊन, उन्हात वाळवून कपडे, झोळी, पाळणा त्यात द्यावा. महिला मंडळाच्या भगिनींनी प्रत्येक पेटीसाठी एक नवे झबलेही शिवावे. त्या बहिणीचे म्हणणे आम्ही विसरलेलो नाही. आणि अट एकच: ज्यांची ऐपत आहे त्यांनीही आपल्या बाळासाठी या पेटीतून काहीतरी न्यावे. डॉक्टरांच्या नातवाने घातलेले झबले हमालाच्या मुलीला यावे, आणि तिची झोळी शिक्षकांच्या घरी जावी. स्नानसंस्कारानंतर मंदिराच्या आवारात सर्वांनी मिळून चहा-पेढा घेतला की सोहळा पूर्ण झाला, असे आपण ठरवले तर कोणाला वर्षभर थांबावे लागणार नाही.

प्रभूच्या समर्पणाच्या सणाला आपण संत लूक यांचा उतारा ऐकतो. पवित्र मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन येरुशलेमच्या मंदिरात आले. नियमाप्रमाणे कोकरू अर्पायचे होते. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी पक्ष्यांची जोडी आणावी, अशी सवलत होती. लूक फक्त पक्ष्यांचा उल्लेख करतो. जगाच्या तारणाऱ्यासाठी त्याच्या आईवडिलांनी गरिबांची सवलत घेतली. कोकरासाठी कर्ज काढले नाही. पैसे जमेपर्यंत वर्षभर थांबलेही नाहीत. जे होते ते घेऊन ते वेळेवर आले, आणि म्हाताऱ्या शिमोनाच्या हातांत त्यांनी बाळ दिले. त्या दिवशी मंदिरात कोकरू घेऊन आलेली इतरही कुटुंबे असतील. शिमोनाने बाळ ओळखले ते या दोघांकडचे.

त्या जोडप्याला आम्ही निरोप पाठवला आहे: बाळ झाले की बाळंतिणीला बरे वाटेल त्या रविवारी या. पाण्याची आणि पांढऱ्या वस्त्राची सोय आहे. माणसेही आहेत, आपण सगळे आहोतच.

प्रभू आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक गरोदर मातेला आणि येणाऱ्या बाळाला सुखरूप ठेवो.

आपले धर्मगुरू