उडी आधी ठरवायची असते

चि. छोटीस,


परवा फोनवर तू चांगलीच वैतागली होतीस. ‘कॅसलव्हेनिया’च्या पाचव्या टप्प्यात, ‘मृत्यू’ नावाच्या शत्रूच्या दालनाआधी जो लांब बोळ आहे तिथे तू सारखी मरतेस. तुझं म्हणणं, चाळीस वर्षांपूर्वीचा गेम, तेव्हा लोकांना नीट करता येत नसणार. नाहीतर नायकाला, सायमनला, हवेत वळता का येऊ नये? घाईत मी काहीतरी पुटपुटलो. पण हा गेम माझ्या इतका जिवाभावाचा आहे की नीट उत्तर द्यायलाच हवं.

करता येत नव्हतं म्हणून तसं झालं, हे पटण्यासारखं नाही. कोनामीने हा गेम सप्टेंबर १९८६ मध्ये जपानमध्ये काढला, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी. त्याच्या एकच वर्ष आधी, त्याच यंत्रावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला होता आणि मारिओ हवेत हवा तसा वळतो. म्हणजे ती सोय कोनामीच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती घेतली नाही. सायमनचे पाय जमिनीवरून सुटले की कमान ठरली. आता तो जिथे पडायचा तिथेच पडणार. चाबूकही बटण दाबल्याबरोबर लागत नाही. हात मागे जातो, मग फटका सुटतो. आणि शत्रूचा धक्का बसला की सायमन मागे फेकला जातो. मागे खड्डा असेल तर रक्ताच्या सगळ्या रेघा शाबूत असूनही जीव जातो.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघ. केलेलं परत घेता येत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट करण्याआधी ठरवावी लागते. बुद्धिबळात मोहऱ्यावरून हात काढला की चाल झाली, तसं. फरक इतकाच की इथे समोरचा थांबत नाही.

आता तो तुझा बोळ. मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत हवेतून येतात, पुढून येतात आणि पाठीमागूनही. समोर चिलखतातला कुऱ्हाडवाला उभा. तो एक कुऱ्हाड डोक्याच्या उंचीवर फेकतो, एक पायांच्या. सायमनच्या रक्ताच्या सोळा रेघा. सुरुवातीच्या टप्प्यांत एका फटक्याला दोन जातात, इथवर आलं की चार. म्हणजे चार चुका, की संपलं. हे सगळं मान्य. पण एकदा नुसती उभी राहून बघ. प्रत्येक मुंडक्याची लाट सारखी आहे, तिची उंचीही ठरलेली. मुंडकं खाली उतरत असेल तेव्हा उडी मारायची की बसायचं, हे ते पडद्यावर आल्याबरोबर कळतं. कुऱ्हाड फेकून झाल्यावर परत हाताशी यायला वेळ लागतो, तेवढ्यात दोन फटके बसतात. तिथे फसवणूक कुठेच नाही. माझ्या मते हा गेम टिकला तो या सचोटीमुळे. त्यात मरताना कारण दरवेळी दिसतं, आणि दिसलेलं कारण पुढच्या वेळी टाळता येतं. आजकाल तू खेळतेस त्यातल्या पुष्कळ गेममध्ये मी तुला मरताना बघतो आणि का मेलीस ते तुलाही सांगता येत नाही.

शिकवणीही त्यात पहिल्यापासून आहे, फक्त कोणी पाटी लावत नाही. ड्रॅक्युलाच्या किल्ल्याबाहेरचं अंगण आठव. एकही शत्रू नाही, नुसते दिवे. हातात चाबूक आहे, म्हणून माणूस मारून बघतो आणि दिव्यातून हृदय पडतं. त्या हृदयांनी रक्त वाढत नाही, ती खंजीर, कुऱ्हाड, पवित्र पाणी यांवर खर्च करायची असतात, हे कळायला थोडा वेळ लागतो. रक्त भरून काढणारा मांसाचा तुकडा भिंतीच्या विटांमागे लपवलेला असतो. पुढे दालनात आधी संथ चालणारी प्रेतं येतात. मग बसलेला काळा बिबळ्या, जो आपण जवळ गेल्यावरच झेपावतो. एकेक गोष्ट सुटी शिकवून झाली की मगच त्या एकत्र येतात.

आणि ते वातावरण! ज्यांनी हे केलं त्यांना जुन्या भयपटांचं वेड होतं. शीर्षकाच्या पडद्यावर दोन्ही कडांना सिनेमाच्या फिल्मची भोकं आहेत, बघितलीस? शेवटी नावं येतात तीही मोडतोड करून घेतलेली: व्रॅन स्टोकर, बेलो लुगोसी, बोरिस कार्लोफिस. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची, बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ १९३१ चा. माझी या जातीच्या पिशाच्चाशी ओळख मात्र नारायण धारपांच्या ‘लुचाई’ कादंबरीतून झाली, आणि पुष्कळ मराठी वाचकांची तशीच झाली असेल. म्हणून हा परका किल्ला मला कधी परका वाटला नाही. प्रत्येक टप्प्यानंतर किल्ल्याचा नकाशा दिसतो, त्यात आपण कुठवर चढलो ते कळतं आणि वर अजून किती बाकी आहे तेही.

संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघींचं. यामाशिताचं कोनामीतलं हे पहिलंच काम, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव ‘जेम्स बनाना’ असं लागलं आहे. फॅमिकॉमकडे सूर लावायला जेमतेम तीन आवाज होते: दोन एका जातीचे, तिसरा खर्जाचा. तालाला खरखराट. एवढ्यावर पहिल्या टप्प्याची जी धून बांधली गेली ती आजही वाजली की माझी पाठ ताठ होते. माझ्या लेखी त्या काळातल्या गेमसंगीतात तिच्या तोडीचं फार थोडं आहे.

पुढे १९९७ मध्ये याच मालिकेतला ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ आला. किल्ला मोकळा झाला, कुठेही हिंडा, ताकद वाढवत न्या, हवेतही वळा. सुंदर गेम आहे, तू जरूर खेळ. पण तिथे अडलं की ताकद वाढवून पुढे जाता येतं. इथे सायमन पहिल्या दालनात जेवढा, जवळजवळ तेवढाच शेवटीही असतो. वाढायचं ते खेळणाऱ्याने.

म्हणूनच एक विनंती. तुझ्याकडे या मालिकेतल्या गेमचा २०१९ चा संच आहे, त्यात कुठेही सेव्ह करायची सोय आहे. ती वापरू नकोस. दर चार पावलांवर सेव्ह केलंस तर बोळ पार होईल, पण तो तुला येणार नाही, आणि पुढे ड्रॅक्युलासमोर ते उघडं पडेल. गेमने कितीही वेळा पुन्हा सुरू करायची मुभा आधीच दिली आहे. टप्प्याच्या आरंभापासून, एवढीच अट. ती अट चांगली आहे.

शेवटी कामाचं. पवित्र पाण्याची बाटली हाती लागली की ती सोडू नकोस. दिव्यातून दुसरं शस्त्र पडलं तर त्याला शिवायचंही नाही, कारण ते उचललं की पाणी गेलं. हृदयं जपून ठेव, बोळात उधळू नकोस. मृत्यू समोर आला की त्याच्या पायथ्याशी बाटल्या फेकत राहा. त्या ज्वाळेत तो खिळून राहतो. जमलं की कळव, रात्री कितीही वाजलेले असोत.

तुझा,
मामा