हात खाली घेण्याचं शिक्षण

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं आणि नेमबाजीकडे आपल्याकडच्या आईबापांचं लक्ष गेलं. पदकाची आशा थोड्यांनाच असते. बाकीच्यांचा हिशेब वेगळा: पोराचं अभ्यासात चित्त लागत नाही, शूटिंगला घातलं तर लागेल. जळगाव काय, धुळं काय, क्लासची फी विचारताना एकाग्रतेचीही हमी मागितली जाते.

एअर पिस्तूल हातात आलेलं पोर पहिल्या दिवशी दहा मीटरवरच्या काळ्या वर्तुळाकडे टक लावून बघतं आणि छर्रा भलतीकडेच जातो. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्वच्छ दिसतं. म्हणून पुढची साईट ठळक ठेवायची आणि वर्तुळ पुसट राहू द्यायचं. जिथे मारायचं तेच अंधूक ठेवायचं, हे लहान मुलाला पटता पटत नाही. मग श्वास रोखून ट्रिगर हळूहळू दाबायचा, आणि काही सेकंदांत जमलं नाही तर न झाडता हात खाली. कारण नजर फार वेळ एका जागी खिळली की कडेचं चित्र विरू लागतं. ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने हे १८०४ सालीच नोंदवलं आहे.

कृतीआधीची शेवटची स्थिर नजर कॅनडातल्या जोन विकर्स यांनी अभ्यासली. कसलेल्या खेळाडूंची ती नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकते. पण हे त्या त्या खेळापुरतं. तीच स्थिरता गणिताच्या पेपरात आपोआप उतरेल, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे मी तरी पोराचा प्रवेश घेणार नाही.

आपल्या खान्देशात नेमाची शाळा शेतात होतीच. ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन पोरं उभी. त्यांचा डोळा एका ठिपक्यावर नसायचाच. अख्ख्या शेतावर फिरायचा, थवा कुठून उतरतोय ते हेरायचा, आणि धोंडा सुटायच्या क्षणापुरता एका जागी यायचा. शिवाय पाखरू मारायचं नसून उठवायचं असायचं. दिवसभर उघड्यावर, उजेडात. घरात मोबाइल धरून चष्मा लागलेल्या मुलांना डोळ्यांचे डॉक्टर आज हाच उजेड सांगतात.

एकाग्रता म्हटलं की आपल्याला अर्जुन आठवतो. झाड नाही, भाऊ नाहीत, फक्त पक्ष्याचं डोकं. द्रोणाचार्य खूश. मात्र त्याच आदिपर्वात, या परीक्षेच्या थोडं आधी, एकलव्याचा अंगठा मागून घेतलेला आहे. अर्जुनाला दुसरं काही दिसलं नाही याचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवत आलो. दहावी-बारावीच्या पोराकडूनही आपल्याला तेच हवं असतं: घरात आजी आजारी आहे, मित्र गप्प गप्प आहे, तू बघू नकोस, तुझं टार्गेट बघ. हात खाली घ्यायची मुभा त्याला आपण कधी देतो?

आणि एकलव्य शोधायचाच तर चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यात भिल्ल-पावरा घरांतून तीरकामठा आजही दिसतो. स्पर्धेचं धनुष्य मात्र त्या घरांच्या ऐपतीबाहेरचं आहे. क्लासची चौकशी करायला तिथलं कुणी येत नाही; त्यांच्यापर्यंत आपणच जायचं आहे.