पेटीची किंमत आणि आठवा श्लोक



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक 7 ते 9.

भगवंत इथे त्यागाचे तीन प्रकार सांगतात. आपल्या वाट्याला आलेलं काम मोहापायी सोडलं तर तो तामस त्याग. काम त्रासाचं आहे, अंगाला कष्ट पडतील, या भीतीने सोडलं तर तो राजस, आणि असा त्याग करून त्यागाचं फळ मिळत नाही. काम कर्तव्य म्हणून पूर्ण करायचं आणि त्यातली आसक्ती व फळ तेवढं सोडायचं, तो सात्त्विक.

आपण बहुतेक जण आठव्या श्लोकात सापडतो. कारण राजस त्याग दिसायला अगदी वैराग्यासारखा दिसतो.

अकोल्याला माझे मामा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मामा गेले आणि पेटी दीड वर्ष कपाटावर तशीच होती. जुनं सामान घेणाऱ्या एकाने दीड हजार सांगितले. मामी म्हणाली, "आता कोन वाजवते तिले? देऊन टाक त्यालेच. जागा तरी मोकळी होईन." शेजारच्या काकूही म्हणाल्या, वस्तूत काय जीव गुंतवायचा!

बोलणं संतांसारखं, पण आत काय होतं? पेटी खाली काढा, धूळ पुसा, कोणाला तरी दाखवा, चार जणांना विचारा, ही कटकट नको होती. मामीच्या हातात दुसरं उत्पन्न नाही. तिच्या वस्तूची खरी किंमत काढणं हे भाचा म्हणून माझ्या वाट्याचं काम. ते टाळून "जाऊ द्या, मोह नको" म्हणणं म्हणजे आठवा श्लोक तंतोतंत. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही जुनी सिस्टिम बंद करायची तर आधी तिच्यावर काय काय चालतं ते मोजतात. न मोजता बंद करणाऱ्याला कोणी विरक्त म्हणत नाही.

मग पेटी घेऊन अमरावतीला एका कारागिराकडे गेलो. मुद्दाम अशा माणसाकडे, जो दुरुस्ती करतो पण जुन्या पेट्या विकत घेत नाही. जो घेणार आहे त्यालाच किंमत विचारली तर तो त्याच्या सोयीचीच सांगणार, यात त्याचाही दोष नाही.

त्याने आधी भाता भरला आणि एकही पट्टी न दाबता नुसतं पाहत बसला. भाता हळूहळू मिटला तर हवा धरून आहे, भसकन बसला तर कुठेतरी गळती. मग एकेक पट्टी वाजवली. मग झाकण काढून सूर पाहिले, म्हणजे आतल्या पितळी पत्त्या. पेटीची खरी किंमत तिथे असते, वरच्या पॉलिशमध्ये नाही. सूर चढवायचा तर पत्तीचं टोक खरवडतात, उतरवायचा तर बुडाशी खरवडतात. दर खेपेला पितळ थोडं कमी होतं, म्हणून फार वेळा हात लागलेली पेटी उतरती. "जर्मन सूर आहेत" असं जवळपास प्रत्येक विकणारा सांगतो. मामांच्या पेटीत गुजरातच्या पालिताण्याचे निघाले, आणि चांगले निघाले. लाकडाला मात्र आपल्या उन्हाळ्याने एक बारीक चीर दिलेली. अकोल्याचं ऊन माणसाला सोडत नाही, लाकडाला काय सोडणार!

त्याने भाव सांगितला, जशी आहे तशी बारा हजार.

(एक गंमत. याच वाद्याला आकाशवाणीने 1940 मध्ये बंदी घातली होती, ती तीसेक वर्षं टिकली. त्यांच्या लेखी पेटीची किंमत शून्य. आणि त्याच काळात गावोगावच्या भजनांत ती वाजतच होती.)

किंमत कळली की मोह वाढतो, असं एका वाचकांनी मागे लिहिलं होतं. मला उलट वाटतं. किंमत कळल्याशिवाय सोडणं सुरूच होत नाही. जे किती आहे हेच माहीत नाही, ते सोडलं असं कसं म्हणणार? आपले गाडगेबाबा पाहा. लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. काम अर्धवट टाकून "मला काय त्याचं" म्हणाले नाहीत. काम पुरं केलं, आणि मग त्यातलं काही आपल्या घरच्यांसाठी ठेवलं नाही. नववा श्लोक समजायला वऱ्हाडातल्या माणसाला लांब जायला नको.

मामीला बारा हजार सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बारा हजाराची हाय ना? मंग माह्या माहेरच्या भजनाच्या पोरायले पाच हजारात दे. ते वाजवतीन तरी." दीड हजाराला द्यायला निघालेली हीच मामी. तेव्हाही ती स्वस्तातच देत होती. पण सात हजार सोडते आहे हे तिला आत्ता माहीत आहे, आणि कोणासाठी हेही. मी हिशेब मांडायला गेलो तर म्हणाली, "मले समजते तो."

व्यवहाराची दुसरी बाजू घेणाऱ्याची. किंमत कमी केली म्हणून खोड लपवायची मुभा मिळत नाही. म्हणून एका कागदावर लिहून ठेवलं आहे: वरच्या सप्तकातला कोमल निषाद लागत नाही, मागच्या फळीला चीर आहे, भात्याचं चामडं दोनेक वर्षांत बदलावं लागेल. शुक्रवारी पोरं पेटी न्यायला येणार आहेत. कागद पेटीच्या झाकणाखाली ठेवला होता. मामी म्हणाली, तिथे नको, पैसे घ्यायच्या आधी हातात दे.

उद्या श्लोक 10.