मु. पो. प्रवाळ

अमुक प्राणी म्हणजे 'तोच', हे ठरवायचे कशावरून? हा प्रश्न तत्त्वज्ञाला पडला की ग्रंथ होतो, बँकेच्या कारकुनाला पडला की खिडकीपुढे रांग वाढते.

आमच्या कामरगावात एका सलूनच्या भिंतीवर माशाचे चित्र आहे. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. समुद्र पाहायचा तर आम्हाला आधी मूर्तिजापूर गाठावे लागते आणि मग रात्रभर रेल्वे. त्यामुळे माशाबद्दल गावाची मते अतिशय ठाम. "रंगवेल हाय थो," असा बहुमताचा निकाल.

रंगवलेला नाही. हा विदूषक मासा, २००३ च्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने पोरासोरांच्या ओळखीचा केलेला. पण रंगावरून ओळखू म्हणाल, तर हुबेहूब तसाच त्याचा एक भाऊबंद आहे. एकाच्या पाठीवरच्या परात बहुधा अकरा काटे, दुसऱ्याच्या दहा. आता पळत्या माशाचे काटे मोजणार कोण? म्हणून जाणकार विचारतात, राहणार कुठला? अंदमानचा असेल तर पहिला, न्यू गिनीचा असेल तर बहुधा दुसरा. म्हणजे शेवटी पत्त्याचा पुरावाच! हे वाचून माझा ऊर भरून आला.

बाकी कशाचा भरवसा नाही. प्रवाळातला सम्राट एंजलमासा लहानपणी गडद निळा, अंगावर पांढरी वलये. मोठेपणी पिवळे-निळे पट्टे. शास्त्रज्ञांनी एकेकाळी त्याच्या पोरांना वेगळी जात समजून वेगळे नाव दिले होते. विदूषकाची तर कमालच. आधी सगळे नर. कुटुंबातली मादी मेली की तिचा नवराच मादी होतो! आमच्या फॉर्मवर याने खूण कुठे करायची? पत्ता मात्र तोच : डसऱ्या स्पर्शिकांचे समुद्रफूल. दुसरा लहान मासा तिथे शिरला तर जिवाला मुकतो, पण याच्या अंगावरच्या बुळबुळीत लेपामुळे फूल याला डसत नाही. थोडक्यात, फूल याला ओळखते.

आमच्या शाखेत एक आजी येतात. जन्मभर कपाशी वेचून अंगठ्याच्या रेषा झिजल्या. मशीन म्हणते, जुळत नाही. वीस वर्षांपूर्वीचा फोटोही म्हणतो, मी नव्हेच. आजी विचारतात, "काऊन रे बाप्पा, मी मीच नाही का?" रांगेतली दहा माणसे सांगतात, आमची आजीच हाय. मशीन खोटे बोलत नाही, आणि ही दहाही खोटे बोलत नाहीत. कोणाचे ऐकायचे? नियमात वाट आहे, दोन साक्षीदारांची. नियम करणारा खेड्यात राहिलेला असावा.

पण साक्षीदार तरी टिकायला हवेत. २०१० साली अंदमानचा समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. समुद्रफूल गेले की विदूषक उघड्यावर येतो आणि मोठ्या माशाच्या पोटात जातो. आमच्याकडची पोरे पुण्याला जातात. मागच्या महिन्यात आजींना दोन साक्षीदार मिळवताना दुपार झाली. त्यातले एक आजींहून म्हातारे, चष्मा घरी विसरलेले.

"तिले बोलू द्या," म्हणाले, "आवाजावरून सांगतो."