दंश, दम आणि दवाखाना



पाऊस लागला, भातलावणी सुरू झाली, की कोकणातील मशिदींत इमामाकडे दम करवून घेण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढते. कुणाला घोणस चावलेली असते, कुणाला विंचवाने नांगी मारलेली असते. रुग्णाला घेऊन येणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न क्रमाचा आहे.

या क्रमाच्या समर्थनार्थ हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची हदीस पुढे केली जाते. दंश झालेल्या एका टोळीप्रमुखावर प्रवासी सहाबींपैकी एकाने सूरह फातिहा पढून दम केला आणि तो उठून चालू लागला. हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मात्र ती पूर्ण वाचावी. त्या लोकांनी ठाऊक असलेले सगळे उपाय आधी करून पाहिले होते आणि ते निष्फळ ठरल्यावरच ते सहाबींच्या मुक्कामी आले. हाताशी असलेला उपाय बाजूला सारण्यास या हदीसमध्ये कोणताही आधार नाही.

उलट अबू दाऊद यांच्या संग्रहात असे आढळते की, हजरत सअद (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला, दुखणे हृदयाचे असल्याचे सांगितले आणि सकीफ कबील्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास फर्मावले. हारिस मुसलमान नव्हता, असे अनेक विद्वानांचे मत आहे. ज्यांच्या दुआेवर कुणाला शंका येऊ शकत नाही, त्यांनीच वैद्याचे नाव घेऊन रुग्णाला पाठविले!

त्याच संग्रहातील दुसरी घटना आम्हा सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये. प्रवासात डोक्याला जखम झालेल्या एका इसमाला गुस्लची गरज पडली. तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने विचारले. सोबत्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांनी (स.) त्या मृत्यूचा दोष त्या सोबत्यांवर ठेवला; ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, असे बजावले. रात्री दोन वाजता “सकाळपर्यंत पाहू” असे सांगणारा थोरला माणूसही त्यांच्याच रांगेत बसतो.

मण्यारीच्या बाबतीत तर हे सकाळपर्यंतचे थांबणे विशेष घातक. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, वेदना जवळजवळ नाही, दाताची खूणही कधी दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, पुढे श्वास थांबतो. तेव्हा शंका आली तरी निघावे. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. रुग्णाला चालवू नये; दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

कुठे जावे? मोठ्या नावाच्या दवाखान्याकडे धाव घेण्यापूर्वी, सर्पविषावरील लस जवळ कुठे उपलब्ध आहे, हे दूरध्वनीवर विचारावे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात असेल तर तिथेच सुरू करून मग व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यावे. विंचूदंशातही हीच तातडी हवी. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे कितीतरी जीव वाचविले. पण औषध वेळेत पोटात जावे लागते.

रुग्ण स्त्री असेल तर पती घरी नाही, लेडी डॉक्टर नाही, म्हणून खोळंबून राहू नये. हजरत रुबय्यिअ (रजि.) युद्धात जखमी पुरुषांची शुश्रूषा करीत असत, हे बुखारीत नमूद आहे. जिवावर बेतले असता शरीअत वाट अडवीत नाही.

फातिहा अवश्य पढावी. रुग्णवाहिकेत रुग्णाच्या उशाशी बसूनही ती पढता येते. इमामाला बोलवायचे असेल तर त्याला गाडीतच घ्यावे. आणि प्रत्येक जमातीने लस असलेल्या जवळच्या केंद्राचा क्रमांक व रात्री गाडी काढणाऱ्या दोघा-तिघांची नावे, नमाजाच्या वेळा लिहितो त्याच फळ्यावर, या जुम्यापर्यंत लिहून टाकावीत.