नशेचा पुरावा किती तास टिकतो?

वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. पण समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, आणि त्यावरून धावणाऱ्या गाडीचा चालक कुठून, काय घेऊन आला आहे हे जिल्ह्याच्या सीमेवर कळत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. त्यांत वर्ध्याचेही अनेक होते. चालक वाचला. टायर फुटला, असे त्याचे म्हणणे होते. परिवहन विभागाच्या तपासणीत तशा खुणा आढळल्या नाहीत. पुढे त्याच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्याचे अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधारे वृत्तपत्रांत छापून आले.

गाडी कशी चालली हे रस्त्यावरच्या खुणा सांगतात आणि चालवणारा कोणत्या अवस्थेत होता हे रक्त सांगते. दोष सिद्ध करायचा तर या दोहोंतला दुवा दाखवावा लागतो. हा दुवा पहिल्या काही तासांतच जुळतो किंवा कायमचा तुटतो, आणि हे तास आपण नशिबावर सोडले आहेत.

दारूच्या बाबतीत मोटार वाहन कायदा, १९८८ स्पष्ट आहे. कलम १८५ प्रमाणे रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा. मात्र रक्तातले हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने घटते. अपघाताच्या वेळी ८० वर असलेला माणूस चार तासांनी २० वर येतो, आणि कागदावर निर्दोष दिसतो.

गांजा, अफू, डोडा किंवा झोपेच्या गोळ्या यांच्यासाठी त्या कलमात आकडाच नाही. चालकाला वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका तो अमलाखाली होता का, एवढेच कायदा विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण एकट्या प्रयोगशाळेने त्याचे उत्तर मिळत नाही. गांजाचा नशा आणणारा घटक रक्तातून काही तासांत झपाट्याने उतरतो. त्याचे अवशेष मात्र लघवीत कित्येक दिवस सापडतात. नियमित ओढणाऱ्याच्या बाबतीत तर कित्येक आठवडे. म्हणजे उशिरा तपासलेल्या रक्तातून खरा दोषी सुटू शकतो, आणि नुसत्या लघवीच्या तपासणीवरून मागच्या रविवारी गांजा ओढलेला पण आज शुद्धीत असलेला माणूस अडकू शकतो. इंग्लंड आणि वेल्सने २०१५ पासून अनेक अंमली पदार्थांसाठी रक्तातल्या मर्यादा ठरवल्या आणि रस्त्यावरच लाळेची तपासणी सुरू केली. तिथेही नमुना वेळेत घ्यावाच लागतो.

नमुना वेळेत घेतला तरी तो प्रयोगशाळेपर्यंत निष्कलंक पोहोचायला हवा. वांद्र्यातील २००२ च्या अपघातात अभिनेता सलमान खानला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी त्याला निर्दोष सोडले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीबद्दलची शंका त्या निकालातल्या कारणांपैकी एक होती. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर ससून रुग्णालयात चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. दुसरीकडे घेतलेल्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर ही बाब पुढे आली.

रक्त हाती नसले तरी सारे संपत नाही. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी इतर परिस्थितीवरून चालक नशेत असल्याचे सिद्ध करू शकते. तो विम्याचा वाद होता. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. नुकसानभरपाईच्या न्यायाधिकरणापुढे शक्यतेचा तराजू कुठे झुकतो एवढे पाहिले जाते. म्हणून घरचा कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबाने फौजदारी निकालाकडे डोळे लावून बसू नये. नशा सिद्ध झाली नाही तरी बेदरकारी सिद्ध होऊ शकते.

दोन्हीकडे मूळ गरज एकच, ताजी आणि प्रामाणिक नोंद. चालकाची चाल, बोलण्यातला जडपणा, डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडाचा वास, तो प्रश्नांना कशी उत्तरे देतो, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी वेळेसह लिहावे. शुद्धीत असणे आणि वाहन चालवण्याच्या स्थितीत असणे यांत फरक आहे, तो नोंदीत दिसला पाहिजे. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा आहेत की नाहीत हेही यावे, कारण ब्रेकच न लावणे हा बोलका पुरावा असतो. रक्ताचा नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या नळीत, त्वचेला स्पिरिट न लावता घ्यावा आणि सीलबंद करावा. यांतल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही.

म्हणून जीवघेण्या किंवा गंभीर दुखापतीच्या प्रत्येक अपघातानंतर हयात चालकाची अशी तपासणी ठरलेल्या मुदतीत सक्तीची व्हावी, मग त्याच्या तोंडाला वास येवो वा न येवो. गाडी महागडी असो, एसटी असो वा मालवाहू ट्रक, नियम एकच हवा. निर्दोष चालकाला संशयातून सोडवण्याचा आणि दोषीला सबबींमागे लपू न देण्याचा मार्गही एकच आहे. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या वर्ध्याने हा आग्रहही तितक्याच निष्ठेने धरावा.